बन्सीलालशेठच्या गच्चीवरची डिश

"सावळाराम, काढ तो हार! डिशला हार घालतं का कुणी?" बन्सीलालशेठ जिन्यातूनच ओरडले.

पेठेतल्या शेठच्या दुकानावर केबलवाल्या सावळारामची बारा फुटी डिश त्र्याण्णवपासून उभी होती. तिच्यावरून निघालेली केबल गावभर फिरायची. दर दसऱ्याला तो तिला हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालायचा. लोक ट्रॅक्टरला घालतात, पाण्याच्या मोटरीला घालतात, तसाच. यंदा, दोन हजार सातच्या दसऱ्याला, पूजा आटोपून तो खाली उतरतो न उतरतो तोच घरोघरच्या टीव्हीवर मुंग्या आल्या.

त्यानं हार काढला. कुंकू पुसलं. मुंग्या हटल्या नाहीत.

खाली रस्त्यात ठकूबाई कमरेवर हात ठेवून उभी. "सावळ्या, सणाचं घालवलंस व्हय रं समदं? देवाला न्हाई आन् डिशला कुंकू!"

"मावशे, जरा दम धर."

"दम धरून म्हातारी झाले. शेजारच्या धर्माजीनं ती टीव्हीची नवी बारकी छत्री बसवलीया घरावर. लई झ्याक दिसतंय त्याला."

गावाला कारण लागतं. ते खरंच असावं असा हट्ट नसतो. दुपारपर्यंत अख्ख्या पेठेनं हाराला दोषी ठरवलं. सावळारामलाही ते पटलं. गच्चीच्या दुसऱ्या टोकाचा टॉवर मात्र कुणाला दिसला नाही. बिनतारी इंटरनेटवाल्या एका कंपनीला शेठनीच ती जागा भाड्यानं दिली होती, आणि मुहूर्त बघून टॉवर आजच सुरू करायला लावला होता.

संध्याकाळी टॉवरचा माणूस आला. तेव्हा कुठं सावळारामच्या डोक्यात उजेड पडला.

"सायेब, एक डाव बंद करून दावा."

माणूस बरा होता. त्यानं बटण दाबलं. लगेच खालच्या खोलीतून शेठच्या बायकोनं, कस्तुरबाईंनी, हाक दिली, "आलं! सावळारामभाऊ, आलं!"

टॉवर चालू झाला. चित्र गेलं.

"तुमच्या डिशच्या लहरींना लागूनच आमच्या लहरी आहेत," माणूस म्हणाला. "छोट्या छत्र्यांच्या लहरी लांबच्या, त्यांना काही होत नाही. आमच्याकडं परवाना आहे. तुमची डिश नुसती ऐकते. ऐकणाऱ्याला परवाना नसतो, म्हणून त्याची तक्रारही चालत नाही."

"मंग ऐकणाऱ्यानं मरायचं का?"

त्या माणसानं टॉवरच्या पेटीचं दार लावलं. याचं उत्तर ज्यांच्याकडं असतं ते पेठेत येत नाहीत. आभाळाचे वाटे घालायचे, आणि खाली कोण राहतं ते बघायचंसुद्धा नाही, ही त्यांची रीत.

शेठ मान खाली घालून म्हणाले, "मला तरी कुठं ठाऊक होतं रे? आता करार झालाय."

दिवाळीपर्यंत घराघरावर छोट्या छत्र्या उगवल्या. शेठच्या घरावरही. मग एका सकाळी सावळाराम पाना-पक्कड घेऊन गच्चीवर चढला.

"राहू दे," शेठ म्हणाले. "टॉवर कंपनीची माणसं उतरवतील."

"मी चढवलीया. मीच उतरवणार."

एकेक बोल्ट सुटत गेला. खाली बाजार चालू होता. वर कुणी बघितलं नाही. डिश निघाली तेव्हा स्लॅबवर चार भोकं उरली. त्यानं घमेल्यात सिमेंट कालवलं आणि अंगठ्यानं दाबून दाबून ती भरली.

"अरे, ते पण करतील की ती लोकं."

"न्हाई शेठ. खाली वहिनींची खोली हाय, पावसात गळंल. आन् भोकं माझी हायेत."

दुसऱ्या दिवशी तो बादली घेऊन पुन्हा आला. सिमेंट कच्चं राहू नये म्हणून चारही ठिकाणी ओंजळीनं पाणी मारलं, आणि खाली उतरला.