पडद्याची मागली बाजू

"बायामाणसं पडद्यामागं!" जळगाव जामोदच्या बाजारातल्या तंबू-सिनेमावाल्याची ती हाक अजून कानात आहे. पुरुष पुढून पाहत आणि बाया मागून, म्हणून त्यांना सगळं चित्र उलटं दिसे.

सोमवारी मी शिकायला अमरावतीला जाणार होतो, आणि शेजारच्या प्रेमलाला मनातलं सांगायचं राहिलं होतं.

त्या रात्री प्रेमला आईसोबत मागं बसली होती, मी पुढं. पडद्यावर नायक-नायिका विहिरीच्या काठी नुसतीच बसली होती. पाणी हलायचं, पण बोलायचं कुणी नाही. "झोपला का बे?" लोक ओरडले. मला मात्र ते अगदी खरं वाटलं.

परतताना प्रेमलाची आई बैलगाडीत पेंगत होती. आम्ही दोघं मागून चांदण्यात चालत होतो.

"शेवटी त्यानं डाव्या हातानं फूल देल्लं," प्रेमला म्हणाली.

"उजव्या. तू मागून पाह्यलं."

"मंग तिनं कोन्त्या हातानं घेतलं?"

"मी तिच्या तोंडाकडंच पाहून राह्यलो होतो."

"काऊन?"

"तुह्यासारखी दिसत होती."

"खोटारडा!" ती हसली. मग हळूच म्हणाली, "उद्या मलकापूरचे पाहुणे येऊन राह्यले, मले पाहाले."

मी थांबलो. तीही थांबली. गाडी पुढं गेली.

"मले तू आवडते, प्रेमला. सकाळी मीच येऊन तुह्या बाबाले सांगतो."