कॅप्टनचे हात

“वर घेतो... आणखी वर... थांबलो. आता डावीकडे,” कॅप्टन मोठ्याने सांगत होते.

कागद कारखान्याच्या आवारात सगळे कामगार ओळी करून उभे होते. पुढे खुर्च्यांवर साहेब मंडळी बसली होती. कारखान्याच्या वाढदिवसाचा फोटो आकाशातून काढायचा होता आणि त्यासाठी मॅनेजरनी कॅप्टनना बोलावलं होतं. गोदामाच्या छपरामागून हेलिकॉप्टर घरघरत वर आलं तशा सगळ्या माना एकदम वर झाल्या. चांगलं शाळकरी पोराएवढं लांब यंत्र, पोटाखाली कॅमेरा, डोक्यावर गरगरणारी पाती. वेगात असताना ती पाती कुणाला लागली तर हाडाची धडगत नव्हती.

कॅप्टन सगळ्यांच्या पुढे उभे होते. नजर यंत्रावर, हातात रिमोट. त्यांच्या मागे थोड्या अंतरावर त्यांची धाकटी मुलगी. तिच्याही गळ्यात एक रिमोट होता, तो कॅमेऱ्याचा. कॅमेऱ्यातलं चित्र तिच्यासमोर तीन पायांच्या तिकाटण्यावरच्या छोट्या पडद्यावर उमटायचं. यंत्र हलवण्याआधी कॅप्टन तसं मोठ्याने सांगायचे, म्हणजे मागे तिला कॅमेरा वळवता यायचा. बाप-लेकीची ही पद्धत जुनी होती.

“मागे घेतो,” असं म्हणत कॅप्टन नकळत स्वतःही मागे सरले आणि त्यांच्या टाचेखाली पाण्याचा रबरी पाइप आला. तोल सावरायला त्यांनी हात पसरले. गळ्यातला पट्टा मानेला काचतो म्हणून त्यांनी मघाशीच काढून ठेवला होता. रिमोट सुटला, सिमेंटच्या कठड्यावर आपटला, त्याचं मागचं झाकण उडालं आणि बॅटऱ्या गोट्यांसारख्या चहूकडे पांगल्या.

रिमोट मेला की यंत्र मेलं. इंजिन मंदावणार आणि सगळं वजन दगडासारखं खाली येणार. आणि खाली माणसं होती.

“पळा!” कॅप्टन ओरडले. “बाजूला व्हा! अरे पळा रे!”

कुणी पळालं नाही. जो तो एकदा त्यांच्याकडे आणि एकदा वर बघत राहिला. कॅप्टननीही वर बघितलं.

हेलिकॉप्टर जागच्या जागी उभं होतं.

ते डगमगलंसुद्धा नाही. मग हळूच त्याने तोंड वळवलं, माणसांच्या ओळींवरून अलगद बाजूला झालं आणि कुंपणाजवळच्या हिरवळीवर, फूल ठेवावं तसं उतरलं. पाती मंदावत मंदावत थांबली.

आणि मग टाळ्यांचा कडकडाट. मॅनेजर खुर्चीतून उठून धावतच आले. “वा, कॅप्टन! वा! आम्हाला वाटलं, गेलं आता! हातात काही नसताना उतरवलंत? ही काय जादू म्हणायची?”

कॅप्टननी मागे वळून बघितलं. धाकटीचे दोन्ही अंगठे तिच्या रिमोटच्या दांड्यांवर होते. चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. बापाशी नजरानजर होताच तिने अंगठे काढून घेतले, चटका बसल्यासारखे.

“परत एकदा दाखवा ना,” मॅनेजर म्हणत होते. “आमच्या बायको-मुलांना बोलावतो.”

“आज नको,” कॅप्टन म्हणाले. आपलाच आवाज त्यांना दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

कॅप्टन आयुष्यात कधी विमानात बसले नव्हते. ते मूळचे पंखे आणि मिक्सर दुरुस्त करणारे. मोटारीला तार गुंडाळण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. कुठल्याशा मासिकात रिमोटवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरचं चित्र बघितलं आणि डोक्यात भुंगा शिरला. पहिलं यंत्र उडण्याआधीच मोडलं, दुसरं शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीत गेलं, तिसरं मात्र उडालं. मग त्याला कॅमेरा लटकवला. नव्या इमारती, पूल, बागा, कारखाने वरून कसे दिसतात ते बघायची लोकांना भारी हौस. दुकानातले पंखे मागे पडले, आणि एका थट्टेखोर गिऱ्हाइकाने ठेवलेलं ‘कॅप्टन’ हे नाव मात्र जन्माचं चिकटलं. शेजारपाजारीही त्यांना दुसऱ्या नावाने कुणी ओळखत नव्हतं.

मग उजवा हात थरथरू लागला. आधी चहाचा कप बशीवर वाजायचा, मग सदऱ्याचं बटण काजात जाईना. डॉक्टर म्हणाले, हा आजार बरा होत नाही, फक्त औषधाने जरा दमाने चालतो. कॅप्टननी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. पुढे एका शाळेच्या मैदानावर मुलं खाली मांडी घालून बसलेली असताना यंत्र एकाएकी त्यांच्या डोक्यांवर झुकलं. कसंबसं सावरलं. त्या दिवशी घरी येऊन कॅप्टन जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून रबरी चेंडू घेऊन मुठी आवळायचा व्यायाम सुरू केला. आणि नवल म्हणजे गुण आला! कप अजून वाजायचा, पण रिमोट हातात आला की यंत्र पूर्वी कधी उडालं नव्हतं इतकं झोकात उडायचं. “कप धरायला नसेल, पण उडवायला माझा हात परत आला,” असं त्यांनी डॉक्टरांना मुद्दाम जाऊन ऐकवलं होतं.

गाडी धाकटी चालवत होती. कारखान्याचं फाटक मागे पडलं, शहराचे पहिले दिवे आले.

“कधीपासून?” कॅप्टननी विचारलं.

तिने समजून न समजल्यासारखं केलं नाही. “शाळेच्या मैदानानंतर.”

“म्हणजे तो नदीवरचा पूल?”

“मी.”

“स्टेडियम?”

“मीच.”

“आणि तो मनोरा? एवढ्या वाऱ्यात? त्याच्या गच्चीला फेरी घातली होती आपण. मी घातली होती.”

“बाबा...”

“सांग.”

“मी घातली होती, बाबा.”

त्या मनोऱ्याचा फोटो कॅप्टननी बैठकीच्या खोलीत लावला होता. आल्यागेल्याला त्याच्यासमोर उभं करून वारा कुठून कसा होता ते हाताने दाखवायचे. बायको त्या वेळी चहाच्या निमित्ताने आत जायची. ती का जायची ते आत्ता, या सिग्नलला, त्यांच्या लक्षात आलं.

“आणि मग मी काय करत होतो?”

“तुम्ही सांगत होतात ना. वर, खाली, डावीकडे. तुम्ही म्हणाल तसं मी नेत होते. एकदाही मनाने नेलं नाही.” सिग्नल सुटला, तिने गाडी पुढे घेतली. “आज पहिल्यांदा नेलं.”

तिला उडवायला शिकवलं तेव्हा कॅप्टननीच दोन रिमोट एकमेकांना जोडून घेतले होते. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो ना, तशी सोय. पोरीचा हात चुकला की बापाने ताबा घ्यायचा. तीच सोय तिने उलटी करून घेतली होती, आणि ते काम करून दिलं होतं कॅप्टनच्या जुन्या मित्राने, कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याने. तो रोज संध्याकाळी येऊन कॅप्टनबरोबर पत्ते खेळायचा.

“त्यालाही माहीत?”

“हो.”

“आईला?”

धाकटीने हँडब्रेक ओढला. गाडी घरासमोर थांबली होती.

बायको दारातच उभी होती. दोघांचे चेहरे बघून तिने ओळखलं आणि ओले हात पदराला पुसत ती बाजूला झाली. कॅप्टन आत जाऊन खुर्चीत बसले.

“गावाला ठाऊक, फक्त नवऱ्याला नाही,” ते म्हणाले.

“अहो, पाणी तरी घ्या.”

“रडणाऱ्या पोराच्या हातात देतात ना, तसा खुळखुळा दिलात माझ्या हातात. वाजव बाबा, बस वाजवत.” त्यांचा उजवा हात गुडघ्यावर उडत होता. त्यांनी तो डाव्या हाताने दाबून धरला. “लोक टाळ्या वाजवायचे तेव्हा काय वाटायचं तुम्हाला? हसत होतात?”

“हसायला काय झालं?” बायको एकदम उसळली. “त्या मैदानावरून आलात तेव्हा रात्रभर भिंतीकडे तोंड करून होतात. सकाळी उठून चेंडू दाबत बसलात. मी म्हटलं, हे यंत्र काढून घेतलं तर हा माणूस जगायचा नाही. आणि नाही काढून घेतलं तर कुणाचं तरी लेकरू जायचं. सांगा, मी काय करायला हवं होतं? तुम्ही कधी बोललात का माझ्याशी? हात धरून कधी म्हणालात, की बाई, मला भीती वाटते?”

ती ओरडते आहे याचा नव्हे, ती म्हणते ते खरं आहे याचाही नव्हे. आपल्याला भीती वाटत होती हे तिला कळलेलं होतं, याचा कॅप्टनना धक्का बसला होता.

सकाळी त्यांनी धाकटीला उठवलं. “चल मैदानावर. तुझा रिमोट घरी ठेव.”

“बाबा, नको.”

“माणूस नसेल तिथेच उडवतो. पण मला बघू दे. सगळ्यांनी बघितलंय, एकदा मलाही बघू दे.”

मैदान रिकामं होतं. रेडिओवाल्याने मुकाट्याने रिमोटला नवं झाकण बसवून यंत्राचा ताबा परत त्याच्याकडे वळवून दिला होता. देताना तो काहीतरी बोलणार होता, पण कॅप्टननी हाताने थांबवलं. त्यांनी पट्टा गळ्यात अडकवला, इंजिन सुरू केलं, धाकटीला गाडीच्या आडोशाला उभं केलं. अंगठे दांड्यांवर ठेवले.

“वर घेतो,” सवयीने म्हणाले.

हेलिकॉप्टर गुडघाभर उठलं आणि दारू प्यायल्यासारखं झुलायला लागलं. कॅप्टननी डावीकडे सावरलं तर ते फारच डावीकडे गेलं, उजवीकडे ओढलं तर शेपूट जमिनीकडे झुकलं. आपण काय करायला हवं ते त्यांना लख्ख कळत होतं. फक्त ते अंगठ्यांपर्यंत पोचत नव्हतं. मधे कुणीतरी दुसराच बसला होता आणि निरोप वाटेतच हिसकावून घेत होता. क्षणभर त्यांनी यंत्राकडे बघणं सोडून स्वतःच्या हातांकडे बघितलं. हे हात कुणाचे? मोटारीला तार गुंडाळणारे हात कुणी आणि कधी काढून नेले? चोरी झाली त्या घरात आपण एवढे दिवस निवांत झोपत होतो?

यंत्र धाडकन खाली बसलं. यंत्राच्या पायाची एका बाजूची दांडी वाकली, पात्यांनी गवत भादरलं आणि इंजिन बंद पडलं.

धाकटी धावत आली. तिने बापाकडे न बघता आधी पाती तपासली, मग कॅमेऱ्याची जागा चाचपली, बोटाने वाकलेली दांडी ओढून बघितली. शिकवलं होतं अगदी त्याच क्रमाने. कॅप्टन बघत राहिले. मग गवतावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. पुसायला हात वर नेला असता तर तोही थरथरला असता.

“त्या मनोऱ्याला,” ते म्हणाले, “मागच्या बाजूने वारा उलटा येतो. मी सांगितलंच नव्हतं तुला. कसं सांभाळलंस?”

“घाबरून,” ती म्हणाली.

“मी पण तसंच करायचो.”

पुढचं काम एका मोठ्या इस्पितळाच्या नव्या इमारतीचं होतं. इमारतीचे इंजिनिअर फाटकात वाटच बघत होते. “या कॅप्टन, तुमच्याबद्दल फार ऐकलंय. त्या कागद कारखान्यात म्हणे रिमोटशिवाय उतरवलंत.”

“ते मी नाही उतरवलं. हिने उतरवलं,” कॅप्टन म्हणाले. “आजही हीच उडवणार आहे.”

इंजिनिअर हसले, मग हसू आवरून म्हणाले, “म्हणजे, तुम्ही असताना...? नाही, तसं काही नाही, पण खाली पेशंटची ये-जा असते.”

“म्हणूनच हिला आणलंय.”

धाकटीने बापाकडे बघितलं. कॅप्टननी तिकाटणं उघडलं. त्याचा खटका बसवायला त्यांना वेळ लागला, इंजिनिअर बघत होते तरी त्यांनी घाई केली नाही. मग पडद्यासमोर छोटं स्टूल ओढून बसले.

इंजिन सुरू झालं. मान वर करायची सवय इतकी जुनी, की पहिल्यांदा ते आभाळाकडेच बघत राहिले. यंत्र उडवणाऱ्याला डोळे हलवून चालत नाही. पडद्यावर काय उमटतं ते त्यांनी आजवर नेहमी नंतर, घरी, कागदावर बघितलं होतं. उडता उडता कधीच नाही.

“बाबा, चित्र येतंय का?”

कॅप्टननी नजर खाली आणली.

जमीन त्यांच्यापासून दूर चालली होती. इमारतीची गच्ची, वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींच्या रांगा, अंगणात चाकाच्या खुर्चीवर बसलेलं कुणीतरी, आणि कडेला ठिपक्यांसारखी दोन माणसं. एक उभं, तोंड वर केलेलं. दुसरं स्टुलावर वाकून बसलेलं, टाळूवरचे केस गेलेलं. आपण वरून एवढे म्हातारे दिसतो? त्यांनी स्टूलवाल्याकडे पुन्हा निरखून बघितलं. त्याचे हात मात्र एवढ्या वरून दिसत नव्हते. चित्र अगदी स्थिर होतं.

“येतंय की नाही? बाबा? सांगा ना, कुठे नेऊ?”

त्यांनी स्टूल पडद्याच्या आणखी जवळ ओढलं.

“कुठेच नको,” ते म्हणाले. “थोडा वेळ इथेच थांब.”

हेलिकॉप्टर थांबलं.