रिकामी ठेवलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी सायक्लोस्टाइल मशीन आहे. नाशिकच्या पंचवटीतल्या एका शाळेत, शिक्षकांच्या खोलीच्या कोपऱ्यात माझं आयुष्य गेलं. माझी गोष्ट ऐकून तुम्हाला माझा अभिमान वाटेल, अशी आशा ठेवू नका. मला माझीच किळस येते आणि ती का येते, तेच आज सांगणार आहे.

तुमच्यापैकी अनेकांनी मला कधी पाहिलंही नसेल. मेणाच्या कागदावर टोकदार लेखणीने मजकूर कोरायचा, तो कागद माझ्या शाईच्या रुळावर चढवायचा आणि हँडल फिरवायचं, की एकामागून एक पानं बाहेर पडतात. हँडल फिरवायला धोंडीराम शिपाई असायचा. सहलीच्या सूचना, गॅदरिंगचे कार्यक्रम, सहामाहीच्या प्रश्नपत्रिका, सारं मी छापलं. प्रश्नपत्रिकांच्या वेळी धोंडीराम दाराला आतून कडी घालायचा. इतक्या वर्षांत माझ्याकडून एक प्रश्न बाहेर गेला नाही. मुख्याध्यापक पाहुण्यांना मला दाखवून म्हणायचे, "ही आमची सगळ्यांत विश्वासू बाई." मी शेफारून जायची.

सत्त्याण्णव साली महापालिकेची निवडणूक आली. आमच्या संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब उभे राहिले आणि दुसऱ्याच दिवशी शाळेत येऊन बसले. त्यांच्या हातात मतदारांची यादी होती. आपल्या माणसांपुढे बरोबरची खूण, समोरच्यांपुढे फुली आणि जे कोणाचेच नाहीत त्यांच्यापुढे नुसतं टिंब.

"आपल्यांना पत्र कशाला? आणि समोरच्यांना पाठवून उपयोग काय?" आबासाहेब म्हणाले. "पत्र हवं ते या टिंबवाल्यांना. यातले निम्मे तर आपल्या शाळेचे पालक आहेत."

पत्र कोरायचं काम संध्याबाईंकडे आलं. त्या पाचवीच्या वर्गशिक्षिका होत्या, अक्षर मोत्यासारखं. तीन वर्षं तात्पुरत्या नोकरीवर होत्या आणि जूनमध्ये कायम होण्याची वाट पाहत होत्या. आबासाहेबांनी मजकूर सांगितला आणि मध्येच म्हणाले, "इथे एक ओळ रिकामी ठेवा. छापून झाल्यावर काळ्या पेनने भरायची. प्रत्येक घरात काय दुखतंय ते तुम्हाला ठाऊक असतं. तेवढं लिहा. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे, हा आपलाच माणूस आहे."

"साहेब, पालक मला विश्वासाने सांगतात ते," संध्याबाई हळूच म्हणाल्या.

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय."

मित्रांनो, तेव्हाच माझा रूळ अडकायला हवा होता. पण मी सुरळीत फिरले. चारशे पत्रं छापली आणि चारशे ओळी रिकाम्या सोडल्या. मग दोन दिवस संध्याबाई माझ्याशेजारी बसून, ज्या घरांचं ठाऊक होतं त्यांच्या ओळी भरत राहिल्या. कोणाची सासू अंथरुणाला खिळलेली, कोणाचा मुलगा दहावीत दोनदा नापास, कोणाची लेक माहेरी परत आलेली. शाई माझ्या शाईसारखीच काळी, त्यामुळे सारं पत्र एका मनाने लिहिल्यासारखं दिसत होतं.

त्या ढिगात मंगलाबाईचं पत्र होतं. मंगलाबाई भाजीबाजारात बसायची, तिची सायली संध्याबाईंच्या वर्गात होती. नवरा सुरतेला कामाला गेलाय, असं तिने साऱ्या गल्लीत सांगितलं होतं. खरं तर तो दारू सोडवण्याच्या केंद्रात होता. हे तिने एकट्या संध्याबाईंना सांगितलं होतं, तेही रडत. संध्याबाईंनी पत्रात लिहिलं, 'आपले यजमान व्यसनमुक्ती केंद्रातून लवकर बरे होऊन घरी येवोत.' लिहिताना त्यांचे डोळे भरले होते, हेही सांगायला हवं. पण त्या एक गोष्ट विसरल्या. सायलीच्या प्रगतिपुस्तकावर दर वेळी आईचा अंगठा असे. त्या घरी आलेलं पत्र नेहमी दुसराच कोणीतरी वाचायचा.

पुढचं धोंडीरामने खोलीत येऊन सांगितलं, तो तेव्हा भाजीबाजारात कोथिंबीर घ्यायला उभा होता. पत्र हातात पडताच मंगलाबाई हरखली. शेजारी बसणाऱ्या हिरामणला म्हणाली, "वाच की जोरात! साहेबानं मला धाडलंय, लपवायचं काय त्यात?" चार बाया जमल्या. हिरामण मोठ्याने वाचत गेला. चुकलं हे त्याला कळेपर्यंत 'व्यसनमुक्ती' हा शब्द तोंडातून गेला होता.

"आगं, तुझा नवरा सुरतेला हाय ना?" कोणीतरी विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून वर्गातली मुलंही सायलीला तेच विचारू लागली. तिने चार दिवस काढले. पाचव्या दिवशी ती आली नाही, नंतरही आली नाही.

आबासाहेब निवडून आले. "पत्रांनी काम केलं!" म्हणत त्यांनी आमच्या खोलीत पेढे वाटले. त्याच आठवड्यात मंगलाबाई सायलीचा दाखला घ्यायला आली.

"मला चांगलंच लिहायचं होतं हो," संध्याबाई म्हणाल्या.

"चांगलंच लिवलं तुमी. अक्षर लय देखणं हाय, हिरामण म्हनला." मंगलाबाईने दाखल्याची घडी करून पिशवीत ठेवली. "पन बाई, मी तुमाला सांगितलं व्हतं. साहेबाला नव्हतं सांगितलं."

जूनमध्ये संध्याबाई कायम झाल्या.

तुम्हाला वाटेल, त्या यातून शिकल्या असतील. मलाही वाटलं होतं. पाच वर्षांनी पुन्हा निवडणूक आली, पुन्हा टिंबांची यादी आली. या वेळी लिहायला नवीन लागलेल्या मोहिनीबाई होत्या. त्यांचं पेन थांबलं तेव्हा संध्याबाई चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "लिही गं एक ओळ. त्यांना बरं वाटतं."

आता शाळेत कॉम्प्युटर आहे आणि मी जिन्याखाली पडून आहे. मला पुसा, तेल घाला, असं माझं मागणं नाही. मी गंजले तर बरंच होईल. मित्रांनो, जपायचंच असेल तर तुमच्यापाशी कोणी रडत सांगितलेलं जपा. ते कितीही गोड शब्दांत पुढे पाठवायचं असलं, तरी ज्याचं आहे त्याला आधी विचारा. मंगलाबाईला कोणी विचारलं नव्हतं.