उठायचं राहून गेलं

सहासष्ट साली, माघात, माझ्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू गेली. एवढंच.

उजवीकडे: बेडसे गावातलं घर, मातीची भिंत, सून शालन.

डावीकडे: काही नाही.

बायको आधीच वारली होती. मुलगा बाजीराव लोणावळ्याला रेल्वेत, आठवड्यानं यायचा. म्हणून रोज सकाळी शालन मला धरून ओढ्याकडे न्यायची, बसवायची आणि पाठ करून उभी राहायची.

"झालं का, आबा?"

"व्हय."

सुनेला हे विचारावं लागू नये. ओढ्यावर एकट्यानं जावं. दुसरं काही मागणं नव्हतं.

लोणावळ्याचे डॉक्टर म्हणाले, दोन बांबू आडवे बांधा, त्यांच्यामधून चाला, मालिश बंद. डोंगरावरच्या वाडीतल्या सावित्राबाई निर्गुडीचं तेल चोळायच्या. त्या म्हणाल्या, "बांबू कशाला? तुमी काय भोपळ्याचा येल हाय का?"

चार महिने कधी हे, कधी ते. पडत राहिलो.

आषाढात शालननं दोघांनाही न विचारता भाताच्या खाचरात बांबू बांधले. आधी तेल. पाय गरम असतानाच चिखलात. चिखल पाय धरून ठेवतो, ओढून काढावा लागतो.

"डावा, आबा. डावा इसरलात."

कधी डोळे मिटून. कधी डोक्यावर रिकामी पाटी.

"पाटी पडली तर?"

"पडू द्या. तुमी पडू नका."

श्रावणात बांबू सुटला. नुसता बांध.

पाऊल

बांध

पाऊल

बांध

भादव्यातल्या एका सकाळी शालन गोठ्यात होती. मी लोटा उचलला. गेलो. पोचलो. बसलो. बरं वाटलं का? आठवत नाही.

मग उठायला गेलो.

उठता आलं नाही.

डॉक्टरांनी तेही सांगितलं होतं. खुर्चीवर बसायचं, हात न टेकता उठायचं, दिवसातून वीस वेळा. आमच्या घरात खुर्ची नव्हती. म्हणून तेवढं सोडून दिलं होतं आम्ही.

हाक मारली नाही. ऊन आलं. उजव्या पायाला मुंगी चावली ती कळली. डाव्याला चावली असेल.

शालन शोधत आली. या वेळी पाठ केली नाही. काखेत हात घालून उचललं.

"हाक का न्हाई मारली?"

मी लोटा मागितला.

"लय शाने हाय तुमी. जायचं तेवढं शिकलात. यायचं कोन शिकवंल?"

दुपारी तिनं ओसरीवर तीन पाट एकावर एक ठेवले.

"पंगत मांडलीय. बसा. आता उठा."

उठलो. वीस वेळा. पंधरा दिवसांनी तिनं वरचा पाट काढला. दिवाळीला दुसरा काढला.

एका पाटावरून अजून उठता येत नाही. सकाळी ती ओढ्यावर येते. दुपारी पाट मांडते.

"परत," ती म्हणते.

बसतो.