वळणावर बंद पडणारी मोटार

मित्रांनो, पळू नका, जरा टेका इथं. मी फर्दापूरची जुनी काळी मोटार आहे. माझ्या टपावर शेळ्या चढतात, पोटात कोंबडी अंडी घालते, आणि तुमच्यातली धीट पोरं माझ्या दाराला हात लावून "भुताची गाडी!" असं ओरडत धूम ठोकतात. खुशाल ओरडा. पण त्यात खरं किती नि खोटं किती, ते एकदा माझ्या तोंडून ऐका.

निजामावरची पोलीस अॅक्शन होऊन काही वर्षं झाली होती, तेव्हा मी कोरी करकरीत कारखान्यातून निघाले. फुलंब्रीच्या तात्यासाहेबांनी मला घेतलं, गावातल्या नवरदेवांना मिरवायला दिलं, आणि हौस फिटल्यावर फर्दापूरच्या जहांगीरला विकलं. जहांगीर मला चालवायचा. त्याचा धाकटा भाऊ नूरमोहम्मद मागच्या सीटवर बसून सामान सांभाळायचा. लेणी बघून परतणारे पाहुणे, सोयगावचे बाजारकरू, दवाखान्याला निघालेले म्हातारे, सगळ्यांना आम्ही औरंगाबादला न्यायचो. नूरू मला पुसता पुसता "आमची बेगम" म्हणायचा, आणि मी अशी काही फुगायचे की विचारू नका.

मग ती टळटळीत दुपार आली. अजिंठ्याच्या घाटात, शेवटच्या वळणावर माझं पाणी उकळलं. नूरू पाण्याचा डबा घेऊन उतरला, आणि वरून ब्रेक निकामी झालेला ट्रक आला. पुढचं मला सांगवत नाही. जहांगीरनं त्याला माझ्याच मागच्या सीटवर घालून नेलं, पण वाटेतच सगळं संपलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी नेमकी त्याच वळणावर बंद पडले. भर दुपारी चढत आले, आणि फट् करून इंजिन गप्प. माकडंसुद्धा गप्प बसली होती. जहांगीरनं स्टार्टर मारून मारून पाहिला, पण छे! शेवटी तो कठड्यावर बसून नूरूसाठी फातिहा पढला. परत येऊन हात लावला, तर मी पहिल्याच झटक्यात चालू! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वळण नि तेच सगळं.

"नूरू थांबवतोय मला," जहांगीर म्हणाला, आणि त्याची भीतीच गेली. रोज दुपारी मी बंद पडायचे आणि तो दरीकडं तोंड करून भावाशी बोलायचा. घरचं सगळं सांगायचा. मग कान देऊन उभा राहायचा, मान हलवायचा, कधी हसायचाही. मला तर काहीच ऐकू यायचं नाही. माझ्या पत्र्यावर काटा यायचा. सोयगावची मनकर्णाबाई माझी नेहमीची उतारू. ती तोवर नारळ फोडायची. तेवढ्यात मी चालू व्हायचे, आणि जो तो म्हणायचा, आपल्यामुळंच झालं.

एकदा मी अशीच अडून उभी होते. वळणातून एक बस आली आणि माझा आरसा खरवडून गेली. मनकर्णाबाई खाली उतरली. "जहांगीर, तुझा भाऊ गेला तिथंच आम्हाला बी धाडतो का रं? गाडी दाखव कुणाला तरी, नाय तर मी नाय बसायची!" जहांगीरच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यानं मला औरंगाबादच्या बद्रीनाथ मिस्त्रीकडं नेलं.

बद्रीनाथनं गालात पान धरून सगळं ऐकलं. मग प्लगची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली. स्टार्टर मारताच निळीशार ठिणगी उडाली. "झकास हाय की," तो म्हणाला. मग त्यानं बॉनेट लावलं आणि मला उन्हात चालूच ठेवलं. "तापू दे बाईला." बऱ्याच वेळानं मी फट् करून बंद पडले. पुन्हा वायर धरली, तर ठिणगी गायब! त्यानं ओलं गोणपाट माझ्या कॉइलवर गुंडाळलं. कॉइल म्हणजे बॅटरीतली वीज वाढवून प्लगला ठिणगी पुरवणारा डबा. मिस्त्री निवांत चहा पिऊन आला, स्टार्टर मारला, आणि मी चालू.

"जहांगीरभाई, ही कॉइल तापली की मरती नि गार झाली की उठती. घाट चढून त्याच वळणाला तापायची. तुझा फातिहा होस्तोवर गार व्हायची. नूरू काय माझ्या गॅरेजात आला व्हय?"

जहांगीर हसला नाही. "नको बदलू ती," तो हळूच म्हणाला.

"का रं?"

"मग तो मला कुठं भेटंल?"

बद्रीनाथनं पान थुंकलं. "अन् उद्या मनकर्णाबाई बसखाली गेली, तर तिच्या पोराला ती कुठं भेटंल?"

जहांगीरनं स्टेअरिंगवर डोकं टेकलं आणि तो हमसून हमसून रडला. मग "बदल" म्हणाला.

नवी कॉइल घेऊन मी घाट चढले. वळण आलं नि गेलं, मी साधी खोकलेसुद्धा नाही. जहांगीर आरशात मागं बघत राहिला. त्या दिवसापासून त्याचं बोलणं आटलं. मला पुसायचंही त्यानं सोडलं. खरं सांगते, मलाच माझ्या बिघाडाची आठवण यायला लागली.

मग एका दुपारी मी रिकामीच चढत होते. वळणाच्या अलीकडं रस्ता रुंद आहे. तिथं जहांगीरनं मला कडेला घेतलं आणि चावी फिरवून बंद केलं. मी ठणठणीत होते हो! "नूरू, आज गाडी बिघडली नाय," तो म्हणाला. "मीच थांबलो."

वारा पडला. मित्रांनो, दार उघडलं नाही, कडीही वाजली नाही. पण माझे मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दबले. तरणाताठा माणूस बसला की दबतात, तेवढेच. इतके दिवस मी तिथं अडत होते, तेव्हा एकदाही कोणी बसलं नव्हतं. ते नुसतं कॉइलचं काम होतं. पण त्या दुपारी बसलं. जहांगीरनं मागं वळून पाहिलं नाही. त्यानं मला चालू केलं आणि आम्ही हळूहळू घाट चढलो.

म्हणून सांगते, गाडीचा बिघाड दिसला की लगेच दुरुस्त करा, त्याला भुताचं नाव देऊन चालवून नेऊ नका. आणि आपल्या माणसासाठी थांबायचं असेल, तर गाडी बंद पडायची वाट बघू नका. आपण होऊन थांबा.

जहांगीरला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. माझं इंजिन गेलं, काचा गेल्या. पण मागचे पाटे त्या दुपारपासून वर आलेच नाहीत. खोटं वाटत असेल, तर खाली वाकून बघा.