मी अडून बसलो त्या दुपारची गोष्ट

मित्रांनो, जुन्या कॉम्प्युटरच्या तोंडावर एक अरुंद कप्पा असायचा. बटण दाबलं की जीभ काढल्यासारखा बाहेर यायचा, सीडी ठेवली की गपकन आत जायचा. तो मी, सीडी ड्राइव्ह. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. नसू दे. पण मला कोणी 'बिघडलेला' म्हटलं की अजून माझं डोकं फिरतं, म्हणून ही हकीकत सांगतो.

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यातला. सीडी गरगर फिरवायला मला मोटार मिळाली आणि तिच्यावरचं वाचायला एक इवलंसं भिंग. या घरात आलो तेव्हा माझा थाट काय सांगू! गाणी, खेळ, लग्नाचे फोटो, सगळं माझ्या पोटातून जायचं. पुढे पेनड्राइव्ह आले, मोबाइल आले आणि मला कुत्रं विचारेना. घरातले बाबा तर एकदा माझ्या उघड्या कप्प्यावर कप ठेवून खुशाल फोनवर बोलत बसले. तोही अपमान मी मुकाट गिळला.

घरात आई, बाबा, चिमणी नावाने हाक मारतात ती त्यांची मुलगी आणि आईचे वडील, म्हणजे चिमणीचे आजोबा. आजोबा बसस्थानकावर गाड्या सुटल्याचं पुकारायचे. माइक बंद पडला तरी त्यांचं काही अडायचं नाही, म्हणून सगळा गाव त्यांना भोंगा म्हणायचा. चिमणी आईच्या पोटात असताना त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. आता ते पाटीवर लिहितात, टिचकी वाजवून हाक मारतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आईने त्यांचं बोलणं एका सीडीवर भरून घेतलं होतं. तेवढी एकच सीडी. ती ऐकायचा धीर आईला कधी झाला नाही, म्हणून ती कपाटातच राहिली.

एका रविवारी दुपारी चिमणीने विचारलं, "आई, आजोबा बोलायचे तेव्हा कसे बोलायचे गं?"

आई उठली आणि कपाटातून सीडी घेऊन आली. सीडी डबीच्या मधल्या खुंटीवर घट्ट बसली होती. बाबांनी कड धरली, वाकवली आणि ओढली. कट्. एवढासा आवाज झाला, तो फक्त मला ऐकू आला.

सीडी माझ्या कप्प्यात आली. मी हळूच फिरवून पाहिली आणि माझ्या काळजात धस्स झालं. मधल्या भोकापासून केसाएवढी चीर बाहेर निघाली होती. मी पूर्ण वेग घेतला असता तर सीडीच्या ठिकऱ्या उडाल्या असत्या. आणि ती गेली की भोंगा आजोबांचा आवाज गेला. मी थांबलो. मला बोलता येत नाही मित्रांनो, मला फक्त अडून बसता येतं.

बाबांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मी अडलेलाच. मागच्या वायरी काढल्या, फुंकर मारली, परत लावल्या. मी अडलेलाच. मग माझ्या टाळक्यात एक चापटी बसली. दर खेपेला मला थोडं फिरावंच लागे आणि चीर थोडी पुढे सरके. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

"मेलाय हा डबा," बाबा म्हणाले. "भंगारात घालू."

आईने खालच्या मजल्यावरच्या दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं. त्यांनी माझी घरघर ऐकली. "भिंग गेलं असणार. माझ्याकडे नवा ड्राइव्ह आहे, तो लावू." त्यांनी बॅगेतून तो काढला. चकचकीत, माझ्याहून कितीतरी वेगवान. तो पोरसवदा एका दमात पूर्ण वेग घेणार होता. त्याला कोण सांगणार, बाबा रे, जपून? बाईंनी सीडी बाहेर काढून टेबलावर ठेवली. पेचकस माझ्या स्क्रूला लागला.

तेवढ्यात त्या थांबल्या. "काढायच्या आधी खात्री करते. दुसरी एखादी सीडी आहे?"

चिमणीने तिच्या बडबडगीतांची सीडी आणली. मी ती अशी वाजवली, अशी वाजवली, की सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"याला काहीएक झालेलं नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी आजोबांची सीडी उचलून खिडकीकडे धरली. चीर उन्हात स्पष्ट दिसली.

"मीच ओढली," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला.

"याच ड्राइव्हला अगदी कमी वेगावर ठेवून प्रत काढून बघता येईल," बाई म्हणाल्या. "पण एकदाच. टिकेल असा शब्द मी देऊ शकत नाही."

"नकोच मग," आई म्हणाली. "निदान सीडी तरी राहू दे."

भोंगा आजोबा उठले. पाटी त्यांनी घेतलीच नाही. सीडी माझ्या कप्प्यात ठेवली आणि बोटाने मला आत ढकललं.

इतकं हळू मी आयुष्यात कधी फिरलो नव्हतो. चीर लांबत होती, सीडी थरथरत होती, आणि मी एकेक शब्द वेचत होतो. शेवटचा शब्द वेचला, मोटार थांबवली, आणि थांबता थांबता सीडी माझ्या पोटात तुटली. तुकडे भिंगात घुसले. माझं काम तिथेच संपलं.

पण प्रत निघाली होती. स्पीकरमधून आधी खाकरणं आलं आणि मग खणखणीत आवाज: "चालू झालं का गं? बरं. लक्ष द्या, आमच्या घरी यायला निघालेल्या बाळाची गाडी फलाटाला लागते आहे. बाळा, मी तुझा आजोबा. उद्यापासून मला बोलता येईलसं दिसत नाही. रुसू नकोस. मी टिचकी वाजवीन. वाजली की ये."

चिमणी वळून आजोबांकडे बघत राहिली. आजोबांनी टिचकी वाजवली. ती धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली.

आता मी चिमणीच्या फळीवर असतो. बाबा रोज माझी धूळ पुसतात. मला हलवलं की पोटातले तुकडे वाजतात. मित्रांनो, सीडी काढताना मधली खुंटी दाबा, कड ओढू नका. आणि कोणी अडून बसलं, तर त्याला चापटी मारण्याआधी एवढं बघा, की तो काय जपतो आहे.