चादरीची दोन टोकं

ताण घालवायचा व्यायाम शिकवायला बाहेरून मास्तर येणार असं कळलं, तेव्हा मी सरळ नाक मुरडलं. नर्सच्या नोकरीत केस पिकले माझे. दिवसभर पळून पायांचे तुकडे पडतात, त्यात हा आणखी हात वर करायला लावणार. तरी गेले, कारण धाकट्या जावेला न्यायचं होतं.

जाऊ माझ्याच वॉर्डात नर्स आहे. घरी मला ताई म्हणते, कामावर सिस्टर, आणि यात कधी चुकत नाही. तिच्या देखरेखीखालची एक लेकुरवाळी पेशंट दगावली, तेव्हापासून ती घुमी झाली होती. चूक कोणाचीच नव्हती, पण हे तिला पटवणार कोण? व्यायामाच्या दिवशी सकाळी डबे भरताना तिने सांगून टाकलं, की आज ड्युटी संपली की मेट्रनना भेटून नोकरी सोडते. मी डब्याचं झाकण लावत राहिले.

मास्तर चांगला होता बिचारा. मीटिंगच्या खोलीतल्या खुर्च्या बाजूला सारून त्याने आम्हाला डोळे मिटायला लावले, खांदे सैल सोडायला सांगितले. कधी नव्हे ती माझी मान जरा मोकळी झाली. तेवढ्यात त्याच्या मोबाइलचा गजर वाजला, टीं टीं टीं, हुबेहूब आमच्या मॉनिटरसारखा. झालं. डोळे उघडायच्या आधीच सगळ्या जणी दाराकडे धावल्या. वॉर्डात पोचून बघतो तर पेशंट आपापले निवांत पडलेले, आणि मास्तर मागे खोलीत एकटाच.

आम्ही पोट धरून हसलो. जाऊ मात्र हसली नाही. ती भिंतीला टेकून थरथरत होती.

तेव्हा मला आक्का आठवल्या. मी नवीन असतानाच्या आमच्या हेड नर्स, तोंडाने फटकळ. त्या काळी चादरी धुऊन चुरगळलेल्या यायच्या, घड्या आम्हीच घालायचो. कोणाचा चेहरा उतरलेला दिसला, की आक्का तिला चादरींच्या खोलीत न्यायच्या. समोरासमोर उभं राहून दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, मागे रेलायचं आणि ओढायचं. चादरीच्या सुरकुत्या जायच्या आणि पाठीतली कळही. माझा पहिला पेशंट गेला त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "वजन सोड. मी धरलंय." याला व्यायाम म्हणतात हे आम्हाला ठाऊकही नव्हतं. पुढे आक्का निवृत्त झाल्या, मग गेल्या. चादरी घडी घालूनच यायला लागल्या आणि दोघींनी मिळून त्या खोलीत जायचं कारणच उरलं नाही. फार आठवण येते मला तिथल्या साबणाच्या वासाची, आक्कांच्या बोलण्यांचीसुद्धा.

जावेला दंडाला धरून तिथे नेलं. कपाटातली चांगली घडी घातलेली चादर काढली आणि मोडली. हिचं डोकं फिरलं की काय, अशा नजरेने ती बघत राहिली. मी तिच्या हातात टोकं दिली.

"वजन सोड," म्हटलं. "मी धरलंय."

आधी ती नुसतीच ओढत होती, अंग आखडून. मग हळूहळू रेलली, सगळीच्या सगळी रेलली, आणि रडायला लागली.

"ताई, सोडू नका हं," म्हणाली.

कामावर पहिल्यांदाच ताई. माझे तळवे भाजत होते, पण सोडते कशाला.

रडून झाल्यावर तिने नाक पुसलं. आम्ही टोकाला टोक लावून घडी घातली. मला वाटलं, आता ही मेट्रनच्या खोलीकडे जाणार. ती कपाटाकडे गेली. दुसरी चादर काढून तिने झटकून उघडली, दोन टोकं माझ्या हातात कोंबली आणि मागे सरकून पाय रोवले.

"आता तुम्ही सोडा वजन," ती म्हणाली. "मी धरलंय."

आक्का गेल्यापासून मला असं कोणी म्हटलं नव्हतं. मी रेलले.